बाहुलीला हात लावू नये

माणसाने काय जमवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी काड्यापेट्यांवरची चित्रे, कोणी अडकित्ते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ लोकांकडून वाचायला आणलेली पुस्तके जमवतात. त्यांचा संग्रह बराच मोठा आहे. यांपैकी कोणाशीही माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते लिलावात जुन्या बाहुल्या घेणाऱ्यांशी, आणि तेही त्यांच्या एकाच खोडीपायी. जिच्याशी कोणी कधी खेळलेच नाही, अशा बाहुलीला हे लोक सगळ्यांत जास्त पैसे मोजतात.

पैसे मोजतात म्हणजे किती? सप्टेंबर २०१४ मध्ये लंडनच्या बोनॅम्स या लिलावघरात एक जर्मन बाहुली २ लाख ४२ हजार ५०० पौंडांना गेली. त्या वेळच्या भावाने सुमारे २ कोटी ४० लाख रुपये! एवढ्यात पुण्यात दोन-तीन ब्लॉक आले असते, तेही पाण्यासकट. ही बाहुली १९०९ च्या सुमाराची, केमर आणि राइनहार्ट या कारखान्याची. त्या काळी या कारखानदारांच्या डोक्यात आले, की बाहुलीचा चेहरा गोडगुलाबी न करता खऱ्या मुलांसारखा करावा. त्यातले काही साचे बाजारात फारसे चालले नाहीत. चालले नाहीत म्हणून थोडे निघाले, थोडे निघाले म्हणून आज दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून कोटीच्या घरात.

उलट त्याच जर्मनीत आर्मांद मार्सेय यांच्या कारखान्यातून, मानेमागे ३९० हा आकडा असलेली एक बाहुली भरमसाट निघाली आणि घरोघरी गेली. कितीतरी पोरींनी तिला न्हाऊमाखू घातले, झोपवले, धपाटे घातले. तर आज लिलावात तिला कोणी फारसे विचारत नाही. का? तर म्हणे, "फार कॉमन आहे हो!" म्हणजे पोरींना आवडली हाच तिचा गुन्हा.

बाहुली पारखण्याची पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. या जुन्या बाहुल्यांची डोकी बिस्कची, म्हणजे चकाकी नसलेल्या भाजलेल्या चिनी मातीची. टाळूला भोक असते, ते बुचाच्या किंवा पुठ्ठ्याच्या झाकणाने बंद करतात आणि वर केसांचा टोप. गिऱ्हाईक काय करते, तर टोप उतरवते, झाकण काढते आणि डोक्यात दिवा धरते. केसाएवढी चीर असली तरी उजेडात दिसते, आणि दिसली की किंमत धाडकन खाली. मग प्रश्न सुरू. केस मूळचेच ना? कपडे अंगावरचेच ना? डोळे बदललेले नाहीत ना? कोणी हाताळलेली नाही ना? ही यादी ओळखीची वाटते, नाही? आपल्याकडे पोहे खाता खाता मुलगी बघायला आलेली मंडळी थोड्याफार फरकाने हेच विचारत. फक्त डोक्यात दिवा धरून बघायचे त्यांना सुचले नाही, एवढेच.

बार्बीची गोष्ट याहून पुढची. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ती पहिल्यांदा आली तेव्हा तिची किंमत होती ३ डॉलर. त्या पहिल्या खेपेतली एखादी आज खोक्यासकट, कोरी करकरीत निघाली, तर हजारो डॉलर मिळतात. खोके नसेल तर पुष्कळ कमी. या लोकांच्या भाषेत सर्वोच्च पदवी आहे 'एन.आर.एफ.बी.' आपल्याकडे नावापुढे एल.एल.बी. लावतात तशी ती बाहुलीच्या नावापुढे लागते. अर्थ असा, की खोक्यातून कधीही बाहेर न काढलेली.

आता जरा विचार करा. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची बाहुली आजवर खोक्यातून बाहेर का आली नाही? एक तर ती दुकानात खपली नाही, नाहीतर कोणाच्या तरी आईने ती कपाटावर ठेवून "मोठी झालीस की देईन हं" असे सांगितले. मुलगी मोठी झाली, बाहुली राहिली. म्हणजे हे जे हजारो डॉलर मोजले जातात ते एका न झालेल्या खेळाचे. पोरीच्या हिरमुसल्या तोंडाला इतका भाव जगात दुसरीकडे कुठेही नाही.

आमच्या एका स्नेह्यांना निवृत्तीनंतर हा नाद लागला. पूर्वी लिलाव म्हटला की 'एक वार, दोन वार' असा पुकारा आणि हातोडा, आणि त्यासाठी अंगात सदरा घालून बाहेर पडावे लागे. आता गंजीफ्रॉकवर, घरच्या खुर्चीत, मध्यरात्री बोली लावता येते. तशी एक फ्रेंच बाहुली त्यांनी घेतली. किंमत त्यांनी मला सांगितली. पत्नीला सांगितली ती वेगळी. काचेच्या पेटीत ठेवून ते हातमोजे घालून तिला दाखवीत होते, तेवढ्यात त्यांची पाच वर्षांची नात पुढे आली. "आजोबा, हिला काय झालंय?"

"काही नाही झालं. लांबून बघ."

"मग ही ॲडमिट का आहे?"

आजोबांनी उत्तर दिले नाही. रुग्णालाही भेटायच्या वेळी निदान शेजारी बसता येते.

पण परक्यांना नावे का ठेवा? आपण काय कमी आहोत? कोणाचा तरी काका गल्फमधून डोळे मिटणारी बाहुली आणतो. ती प्लॅस्टिकच्या पिशवीसकट दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये जाते. आल्यागेल्याला सांगितले जाते, "फॉरेनची आहे, निजवली की डोळे मिटते." पण ती बिचारी वर्षानुवर्षे उभीच! निजवायचे कोणी? जिच्यासाठी आणली ती काचेला नाक लावून बाहेर.

त्यापेक्षा आपली ठकी बरी होती. लाकडाच्या तुकड्यातून कोरलेली, हात अंगाला चिकटलेले, रंग भडक. ती पाच बहिणींच्या हातून मामेबहिणीकडे जाई, तिचे लग्न दर सुट्टीत लागे आणि दर लग्नात व्याही-विहिणी भांडत. रंग उडे, नाक झिजे, आणि अखेर ती बंबात जाई. अशी ठकी लिलावात सापडणे कठीण. सगळी वापरून संपली, तर विकायला उरणार काय?

यावर संग्राहक म्हणतील, "आम्ही जपल्या नसत्या तर तुम्हाला बघायला तरी मिळाल्या असत्या का?" मुद्दा खरा आहे. जपणाऱ्यांचे उपकार मी मानतो. पुण्यात दिनकर केळकरांनी जुन्या बाजारातून आणि वाड्यांमधून आयुष्यभर वस्तू गोळा केल्या, लहानपणीच गेलेल्या आपल्या राजाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो सरकारच्या स्वाधीन केला. त्यांनी कोरेपणाला भाव दिला नाही. घरात वापरलेल्या वस्तू, लोकांचे हात लागलेल्या वस्तू त्यांनी उचलल्या. तिथे काचेपुढे उभे राहिले की ती वस्तू कोणाची असेल, असा विचार मनात येतो. कोऱ्या खोक्यापुढे फक्त ती कितीची असेल, एवढाच येतो. माझे म्हणणे एवढेच, की जपा, पण झिजलेले जपा.

म्हणून लिलावघरांना माझी नम्र सूचना आहे, की दरपत्रक उलटे करावे. नाक झिजले असल्यास किमतीत दहा टक्के वाढ. 'वाढतील पुन्हा' या भरवशावर कात्रीने केस कापले असल्यास वीस टक्के. आईने जुन्या झंपराच्या कापडाचे परकर-पोलके शिवले असल्यास तीस. पोटात दूधभात कोंबल्याचा पुरावा असल्यास बोली दुप्पट. आणि खोक्यातून कधीच काढली नसल्यास तिला 'जुनी बाहुली' म्हणू नये. तिने वर्षे काढली, वय कुठे झाले?

लिलावघरे ऐकतील असे वाटत नाही. त्यांचे पोट आहे. तुम्ही मात्र ऐका. तुमच्या शोकेसमध्ये अशी एखादी उभी असेल तर आज संध्याकाळी पिशवी फाडा आणि घरातल्या, नाहीतर शेजारच्या पोरीच्या हातात द्या. बाजारभाव तत्क्षणी निम्मा होईल. आठ दिवसांत एक डोळा मिटायचा थांबेल. पण तोवर दुसरा पन्नासदा मिटून झालेला असेल, आणि इतक्या वर्षांनी त्या बिचारीला थोडी झोप तरी मिळेल.