रजेच्या अर्जांतील खरें कारण

रजेचा अर्ज कसा लिहावा हें आमच्या शाळेंत कोणास शिकवावें लागत नाहीं. ज्वर, पडसें, पोटदुखी, घरचें कार्य हीं कारणें वर्षानुवर्षें चालत आलीं आहेत. पालक तीं लिहितात व वर्गशिक्षक त्यांखालीं सही करितात. परंतु ज्या मुलाला रात्र रात्र झोंप लागत नाहीं, पुस्तक उघडतांच ज्याची छाती धडधडूं लागते, किंवा सकाळीं अंथरुणांतून उठण्याचेंच ज्याला बळ राहत नाहीं, त्याच्या पालकांनीं अर्जांत काय लिहावें? ते बापडे पोटदुखी लिहितात.

गतवर्षीं आमच्या एका सोबत्याचे असे सात अर्ज आले. सातव्या अर्जाच्या वेळीं वर्गांत हंशा पिकला. आम्हीहि हंसलों, हें येथें कबूल केलें पाहिजे. ह्याचें पोट नेमकें गणिताच्या तासालाच कसें दुखतें, ही कोटी आमच्यापैकींच एकाची. पुढें महिनाभर तो आला नाहीं. परतल्यावर एके दिवशीं मधल्या सुटींत, डबा न उघडतांच, तो म्हणाला कीं पोट खरोखरच दुखत असे. डॉक्टरांना मात्र पोटांत कांहीं सांपडलें नाहीं.

हें सोंग नव्हे. चिंता अनावर झाली म्हणजे मुलांचें पोट दुखतें, डोकें दुखतें, मळमळतें; जें मुलाला शब्दांत सांगतां येत नाहीं तें शरीर सांगतें. अशीं मुलें विरळा असतात असेंहि नाहीं. २०१५-१६ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत १३ ते १७ वर्षांच्या मुलांत शेंकडा ७.३ जणांना मनाचा कांहीं ना कांहीं विकार आढळला. चाळीस मुलांच्या वर्गाला हें प्रमाण लाविलें, तर तिघे होतात.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, अर्जांत खरें कारण लिहितां आलें पाहिजे. ह्यावर कोणी म्हणेल, मग आळशी मुलांचें फावेल! पण खोटा ज्वर आणणारे विद्यार्थी आजवर काय थोडे झाले? म्हणून ज्वराची रजा कोणी बंद केली नाहीं. मनाच्या आजारी माणसास उपचारांच्या बाबतींत शरीराच्या आजारी माणसाच्या बरोबरीनें वागवावें, असें २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. जें कायद्याला मान्य, तें हजेरीपटाला अमान्य कां असावें?

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनें एक तरी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असें सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें बजाविलें आहे. हें उत्तमच झालें. मात्र त्यांची खोली मुख्याध्यापकांच्या कचेरीला लागून नसावी, अशी आमची नम्र सूचना आहे. त्या बांकावर बसलेल्या मुलाकडे जाणारा-येणारा प्रत्येक जण 'काय अपराध केला?' अशाच नजरेनें पाहतो.

एक गोष्ट आमच्या सोबत्यांसाठीं. एखादा मित्र जगणें नकोसें झालें असें बोलला व 'कोणाला सांगूं नकोस' अशी त्यानें शपथ घातली, तर ती शपथ खुशाल मोडावी. त्याच दिवशीं त्याच्या घरीं किंवा विश्वासाच्या शिक्षकांस सांगावें, व तोंपर्यंत त्याला एकटें सोडूं नये. मित्र रागावेल, रागावूं द्यावा. १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य चालूं आहे, आणि तेथें मराठींतहि बोलतां येतें.

आमचा तो सोबती आतां तिसऱ्या बांकावर बसतो. गणिताच्या तासाला तो कधीं कधीं मध्येंच उठून पाणी पिण्यास जातो. बाईंनीं त्यास तशी मोकळीक दिली आहे, आणि तो कोठें गेला होता असें वर्गांत आतां कोणी विचारीत नाहीं.