कोठा, चूर्ण आणि शाळेचा नळ

चारचौघांत ज्याचा उच्चार करणे आपल्याकडे असभ्य समजले जाते, त्या मलावरोधावरील चूर्णे मात्र चिठ्ठीवाचून कोठेही मिळतात. रात्री चमचाभर चूर्ण कोमट पाण्याबरोबर घेणे हा कित्येक घरांत नित्याचा विधी झाला आहे. 'वनस्पतीचे आहे, त्याने काय होणार?' हा त्यामागचा विश्वास. ह्या विश्वासाची एकदा झडती घेतली पाहिजे.

अशा अनेक चूर्णांत खरे काम करते ती सोनामुखी. तिच्यातील द्रव्ये मोठ्या आतड्यातील जंतूंमुळे कार्यक्षम होतात, आतड्यास आकुंचन पावावयास लावतात आणि सहा ते बारा तासांत परिणाम दाखवितात. ती रात्री घेण्याचे कारण हेच. म्हणजे सोनामुखी हे औषधच आहे, आणि औषधाचे दोषही तिच्यात आहेत. पोटात मुरडा येतो. मात्रा वाढली तर जुलाबांवाटे पाणी व पोटॅशियम निघून जाते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यास हे विशेष घातक. योग्य मात्रेतील रेचकाने आतडे कायमचे निकामी होते, ही जुनी भीती अतिरंजित होती असे आजचे वैद्यक मानते. खरा फास निराळाच आहे. जुलाबाने आतडे रिकामे झाले की पुढील एकदोन दिवस शौचास न होणे स्वाभाविक असते. पण तेवढा धीर कोणास? 'कोठा पुन्हा जड झाला' म्हणून दुसरा चमचा, मग दीड. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा फरक निरोगी माणसांत आढळतो, हे ठाऊक नसल्याने कित्येकजण नसलेल्या आजाराचे औषध घेत राहतात.

रसायनशाळेत अल्कलीमध्ये गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलीन विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. विसाव्या शतकात हेच द्रव्य रेचक म्हणून सर्रास खपत होते. प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगाची शंका आल्यावर अमेरिकेने १९९९ मध्ये ते बाद केले. सरसकट विकले जाणारे औषध निर्धोक असतेच असे नाही.

गंमत अशी की, आयुर्वेदाचा हवाला देऊन चूर्ण घेणारे आयुर्वेदाचेच सांगणे विसरतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'नवेगान्धारणीय' नावाचा अध्यायच आहे. शरीराचे स्वाभाविक वेग अडवू नयेत, हा त्याचा विषय. सकाळी उठल्यावर व खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, हे आधुनिक शरीरशास्त्रही सांगते. नेमक्या त्याच घटकेला कर्जत-कसाऱ्याचा कारकून लोकल गाठण्यासाठी धावत असतो. वेग पुनःपुन्हा दाबला की मळातील पाणी शोषले जाऊन तो कठीण होतो आणि हळूहळू जाणीवही मंदावते.

भाकरी, उसळी, पालेभाज्या, पाणी, चालणे हे उपाय सर्वांस पाठ आहेत. इसबगोल सौम्य खरे, पण भरपूर पाण्यावाचून घेतल्यास तेच अडथळा करते. लोहाच्या गोळ्यांनीही मलावरोध होतो. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, किंवा उतारवयात सवय एकाएकी बदलणे ही मात्र चूर्णाची बाब नव्हे. तेथे डॉक्टरच गाठला पाहिजे.

परंतु 'भरपूर पाणी प्या' असे एखाद्या शिक्षिकेस सांगणाऱ्याने ती कोठे शिकविते हे आधी पाहावे. जेथे स्वच्छतागृहास कडी नाही किंवा पाणी नाही, तेथे ती सकाळपासून घोट घोटच पिते आणि वेग आला तर घरी पोहोचेपर्यंत दाबून धरते. तिच्या वर्गातील मुलीही तेच शिकतात. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे हा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातील निकष आहे. पण नुसती खोली बांधून तो पाळला जात नाही. शाळा तपासावयास येणारे अधिकारी हजेरीपट आणि टाचणवह्या बारकाईने पाहतात. पुढच्या खेपेस त्यांनी मुलींच्या स्वच्छतागृहातील नळही सोडून पाहावा, आणि त्यास पाणी होते की नाही हे शेरेबुकात लिहावे.