बशीतला प्रयोग म्हणजे उपचार नव्हे

‘पॅन्टोप्राझोलनं कॅन्सरच्या पेशी मरतात’ असा मेसेज वाचून ॲसिडिटीची गोळी रोज सुरू करणार असाल, तर थांबा. ही औषधं पोटातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींत सक्रिय होऊन आम्लाचे पंप बंद करतात. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर ओतलेली मात्रा अनेकदा इतकी मोठी असते, की गोळी गिळून तेवढं औषध रक्तात पोहोचतच नाही. असा प्रयोग संशोधकाला दिशा देतो, तुम्हाला डोस नाही. विनाकारण वर्षानुवर्षे घेतल्यास मॅग्नेशियम, बी-१२ घटू शकतं. कॅन्सरचे उपचार सोडून यावर विसंबलात, तर जिवावर बेतेल. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र मनानं बंद करू नका. आपण खवासुद्धा तळहातावर चोळून, वास घेऊन घेतो. मग औषध मोबाईलवरच्या एका ओळीवरून का?