दाढीचा लॅटिन गोतावळा

आपण दाढी ‘करतो’ तेव्हा ती काढतो आणि ‘ठेवतो’ तेव्हा वाढवतो. श्मश्रूचंही तेच. संस्कृतात श्मश्रू म्हणजे दाढीमिशा. मराठीत मात्र ‘श्मश्रू केली’ म्हटलं की गालावरून वस्तरा फिरलेला असतो. लॅटिनमध्ये दाढीला म्हणतात ‘बार्बा’. तिच्याही नशिबी असंच आलं. तिच्यावरूनच पुढे दाढी उतरवणाऱ्याचं नाव पडलं, बार्बर!

खुद्द रोमन माणूस न्हाव्याला ‘तोन्सोर’ म्हणे, म्हणजे कातरणारा. रोमन लेखक प्लिनी लिहितो, की रोममध्ये पहिले न्हावी सिसिलीहून आले, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास. त्याआधीचे रोमन दाढीवालेच. पुढे मात्र तरुणाची पहिली दाढी उतरवणं हा घरचा सोहळाच झाला आणि ते केस देवाला वाहिले जाऊ लागले. सम्राट नीरोने तर कमाल केली. बैलांचे बळी देऊन त्याने दाढी उतरवली, ती मोती जडवलेल्या सोन्याच्या डबीत ठेवली आणि कॅपिटोलवरच्या ज्युपिटरला अर्पण केली, असं त्याचा चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. त्याच्या घराण्याचं नाव होतं ‘अहेनोबार्बुस’, तांबूस दाढीवाले. अशा कुळातल्या मुलाची पहिली दाढी म्हणजे वंशाची खूणच. तिला सोन्याची डबी लाभली यात मला तरी नवल वाटत नाही.

‘बार्बा’ या शब्दातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट त्याच्या पहिल्या अक्षरात आहे. आपल्या ‘भ’च्या जागी लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी ‘फ’ येतो. भ्राता तिथे ‘फ्रातेर’ होतो. त्या हिशेबाने मूळ ‘भ’चा हा शब्द ‘फार्बा’ व्हायला हवा होता. पण पुढच्या ‘ब’ने मागच्या ‘फ’ला आपल्यासारखं करून घेतलं. इंग्रजी ‘बिअर्ड’ आणि रशियन ‘बरदा’ या तिच्या सख्ख्या बहिणी. आपली श्मश्रू वेगळ्या घरची. तिचं नातं लिथुआनियन भाषेतल्या हनुवटीच्या शब्दाशी, ‘स्माक्रास’शी लागतं.

बार्बाची लेकरं मात्र हनुवटीवर थांबली नाहीत. ओठांपाशी मिशा लोंबणारा ‘बार्बेल’ मासा तिचाच. कुंपणाच्या तारेवरचा काटा, इंग्रजीतला ‘बार्ब’, तोही तिचाच. बाराव्या शतकातला सम्राट फ्रेडरिक लाल दाढीमुळे इटलीत ‘बार्बारोसा’ ठरला, आणि हिटलरने रशियावरच्या १९४१ मधल्या स्वारीला तेच नाव दिलं.

रानटी या अर्थाचा ‘बर्बर’ मात्र या गोतावळ्यात घुसवू नये. ग्रीकांना परक्यांचं बोलणं ‘बर-बर’ असं ऐकू येई, त्यावरून त्यांचा ‘बार्बारोस’ आला. सलूनच्या पाटीवरच्या बार्बरशी त्याचा काडीचाही संबंध नाही.