'मी शाळामा जास' : चूक कुणाची?

शहादा तालुक्यातल्या एका गावात पहिलीच्या मुलांसोबत वाचायला बसलो होतो. पुस्तकात छापले होते, 'मी शाळेत जातो.' एका मुलाने बोट ठेवून वाचले, 'मी शाळामा जास.' गुरुजी लगेच ओरडले, "चूक! शुद्ध वाच."

मित्रांनो, यात चुकले काय? त्याने अक्षरे ओळखली, अर्थ लावला आणि आपल्या अहिराणीच्या रचनेत ते वाक्य उभे केले. यालाच समजून वाचणे म्हणतात. शेजारचा मुलगा 'शा-ळे-त' असे अडखळत बिनचूक वाचतो, पण कोण कुठे गेले हे त्याला सांगता येत नाही. तो पास आणि हा नापास!

अक्षरओळखीला पर्याय नाही, हे मान्य. पण मूल केवळ अक्षरांवर वाचत नाही. 'आई विहिरीवरून पाणी' एवढे वाचले की कानात मुरलेली वाक्यरचना त्याला सांगते, आता 'आणते' येणार. भलताच शब्द वाचला तर ते स्वतःच थांबते, सुधारते. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६० च्या दशकात हेच नोंदवले: लहान मुले शब्द चुकतात, तेव्हाही चुकलेला शब्द बहुधा वाक्यात बसणारा असतो.

मग ज्याच्या घरी अहिराणी, पावरी किंवा मावची बोलतात, त्याच्या कानात पुस्तकी मराठीचे वाक्य येणार कुठून? ज्यांच्या घरची बोलीच पुस्तकाची भाषा झाली, त्यांची मुले अर्धी लढाई जिंकूनच शाळेत येतात. ती 'हुशार' आणि आमची 'मंद'! ही गुणवत्ता नाही, हा वारसाहक्क आहे.

पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय सरकारला जून २०२५ मध्ये मागे घ्यावा लागला. लहान मुलावर परकी भाषा लादू नका, असे तेव्हा सगळे म्हणत होते. हाच न्याय धडगावच्या पावरा मुलाला का नाही? संविधानाचे कलम ३५०-क आणि शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मातृभाषेतूनच शिकवण्याची दिशा दाखवतात.

प्रमाण मराठी आम्हाला हवीच. बाबासाहेब वाचायचे आहेत. पण पहिले वाक्य मुलाच्या घरचे असू द्या, शेजारी पुस्तकी मराठीचे ठेवा.

आणि कार्यकर्त्यांनो, आपल्या अभ्यासिकेत कुणी 'जास' वाचले तर हसू नका. पुढचे वाक्य वाचायला सांगा.

जयभीम!