पुली चालेल, सायलेन्सर नाही

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे आणि तेही चिडून, तेव्हा सांभाळून घ्या.

सध्या मुक्काम इंग्लंडात, लेकीकडे. गेल्या आठवड्यात नातवाने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अकरा सेकंदांची चित्रफीत टाकली. चित्र काहीच नाही. गाडीचा मागचा भाग, दोन चकचकीत नळ्या, आणि आवाज. त्यावर आपल्या गोतावळ्याने काय काय लिहिले! "वाघ आहे वाघ!" "आज्जीला बसवून एक चक्कर मार." माझ्या एका नणंदबाईंनी तर हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे आणि ज्वाळांचे अशी सगळी चित्रे एका ओळीत पाठवली. मी काहीच लिहिले नाही, तर लेकीला वाटले मला चित्रफीत उघडता आली नाही.

मला उघडता आली होती. मी तो आवाज रोज पहाटे पावणेसहाला ऐकते.

आता तुम्ही म्हणाल, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला गाडीतले काय कळते? खरे आहे. पण त्या रविवारी दुपारपासून अंधार पडेपर्यंत टॉर्च धरून अंगणात उभी मीच होते, आणि विचारल्याशिवाय टॉर्च धरणे माझ्या स्वभावात नाही. त्यामुळे जे कळले ते सांगते.

गाडी २००५ सालची मिनी कूपर एस. ऑक्सफर्डच्या कारखान्यात तयार झालेली, म्हणजे नातवापेक्षा थोडीशीच लहान. इंजिन १.६ लिटरचे, ताकद १७० अश्वशक्ती. एवढ्या लहान इंजिनात इतका जोर येतो तो सुपरचार्जरमुळे. हा एक हवेचा पंप असतो. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, म्हणून जोर जास्त. त्या पंपाच्या टोकाला जे चाक असते ती पुली. ती लहान केली की पंप जोरात फिरतो. ज्यांनी पायाचे शिलाई मशीन चालवले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. खाली मोठे चाक, वर लहान चाक. वरचे आणखी लहान केले तर पाय तेवढाच हलवूनही सुई जास्त वेगाने पळेल.

नातवाने १५ टक्के लहान पुली आणली होती. मी विचारले, "मग पंप किती टक्के जास्त फिरेल?" तो म्हणाला, "१५ टक्के, आजी." चूक! गणिताचे सर रजेवर गेले की सातवीला व्यस्त प्रमाण मीच शिकवत असे. १०० भागिले ८५. वाढ साडेसतरा टक्क्यांच्या थोडी पुढे जाते. मूळ गाडीत इंजिनाच्या एका फेऱ्याला पंपाचे साधारण दोन फेरे होतात. म्हणजे इंजिन मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर असताना पंप १३,००० च्या आसपास होता, तो आता १५,००० च्या वर गेला. त्याने फोनवर आकडेमोड करून पाहिली आणि मुकाट्याने पाना उचलला.

बसवायची पद्धतही बघण्यासारखी. उजवे पुढचे चाक काढायचे, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक लावायचा, इंजिन धरून ठेवणारा त्या बाजूचा आधार सोडवायचा, पट्टा सैल करायचा आणि एका खास ओढणीने जुनी पुली इंच इंच बाहेर काढायची. पोराचे हात काळे, गुडघे ओले, आणि चेहरा असा की दहावीचा निकाल हातात आहे.

म्हणून सांगते, पुलीला माझा विरोध नाही. ज्यांनी मला खाजगीत "पोरगा पैसे उधळतोय, तू जरा बोल" असे फोन केले त्यांनाही हेच सांगते. पुलीचा हिशेब सरळ आहे. जास्तीची हवा मिळते, त्याची किंमतही ठरलेली. दाबली की हवा तापते, म्हणून इंजिनाच्या माथ्यावर बसवलेल्या इंटरकूलरवर भार येतो. पंप फिरवायलाच इंजिनाची ताकद जास्त खर्च होते. पेट्रोल चांगल्या प्रतीचे भरावे लागते. पट्टा घसरत नाही ना ते बघावे लागते. हे सगळे ज्याने पुली बसवली तोच भरतो. विमा कंपनीलाही त्याने बदल कळवला आणि वाढलेला हप्ता निमूट स्वीकारला. (आपल्यातल्याच एकाने त्याला "कळवायची काय गरज, कोण बघतंय" असा सल्ला दिला होता. न कळवलेला बदल उघडा पडला तर दावा नाकारला जाऊ शकतो, हे त्या गृहस्थांना माहीत असणारच, कारण त्यांचा जन्म विम्यात गेला.)

माझे भांडण आहे ते सायलेन्सरशी.

नातवाचा युक्तिवाद असा, की जास्त हवा आत जाते तर ती बाहेरही मोकळेपणाने गेली पाहिजे. तत्त्व म्हणून बरोबर. कंपनीच्या मान्यतेने याच गाडीसाठी जॉन कूपर वर्क्स नावाचा संच मिळायचा, त्याने ताकद पुढे २१० पर्यंत गेली होती, आणि त्यात वेगळा एक्झॉस्टही होता हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. पण त्याच संचात लहान पुलीचा वेगळा सुपरचार्जर होता, सुधारलेले सिलेंडर हेड होते, आणि इंजिनाच्या संगणकाची त्या सगळ्याशी जुळणी केलेली होती. आमच्या चिरंजीवांनी त्यातले काय उचलले? मागचा पाइप, जो ऐकू येतो. हेड ऐकू येत नाही, संगणकाची जुळणी ऐकू येत नाही.

मी विचारले, "याने वेग किती वाढला?" उत्तर आले, "आजी, फील वेगळा येतो."

तेलाचीही तीच कथा. या गाडीच्या सुपरचार्जरमध्ये दोन्ही टोकांना गिअरसाठी थोडेसे स्वतंत्र तेल असते. कंपनीने ते बदलायचे वेळापत्रकच दिले नव्हते, आयुष्यभर पुरेल असे धरले होते. वीस वर्षांत ते आटते, काळे पडते. आणि गंमत म्हणजे इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप याच सुपरचार्जरच्या मागच्या गिअरवर चालतो. तेल संपले, गिअर झिजले की पाणी फिरायचे थांबते आणि इंजिन तापून जाते. लहान पुलीने तर ते गिअर आता आणखी जोरात फिरताहेत! ते तेल बदलायला गाडीचे तोंड सगळे पुढे ओढून सुपरचार्जर बाहेर काढावा लागतो. किचकट काम, आणि झाल्यावर दाखवण्यासारखे काही नाही. अकरा सेकंदांची चित्रफीत होत नाही त्याची. सायलेन्सरच्या पैशात ते झाले असते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. लेकीचे घर जोडघर आहे, मधली भिंत एकच. पलीकडे एक नवरा-बायको राहतात, माझ्याच वयाचे. त्याला मागच्या वर्षी पक्षाघात झाला. दोन आठवड्यांपूर्वी मी कपडे वाळत घालत असताना ती कुंपणाशी आली. माझे इंग्रजी शाळेतले, तिचे भराभर, पण काही गोष्टी कळतात. रात्रभर त्याला झोप नसते, पहाटे पाचनंतर जरा डोळा लागतो. पावणेसहाला गाडी सुरू झाली की तो दचकून उठतो, आणि मग त्याचा उजवा हात थरथरत राहतो. ती तक्रार करत नव्हती. उलट मलाच चार वेळा सॉरी म्हणाली. पोरगा चांगला आहे, त्यांचा कचऱ्याचा डबा तोच बाहेर काढून ठेवतो, म्हणून त्याला सांगायचा तिला धीर होत नाही म्हणे.

मीही घरात सांगितले नाही. पोराचा हिरमोड होईल म्हणून गप्प बसले. ती माझी चूक. मग ती चित्रफीत आली आणि तुमच्या टाळ्या आल्या.

कायद्याचेच बोलायचे तर इथला १९८६ चा नियम सांगतो, की गाडी तयार झाल्यानंतर सायलेन्सरमध्ये आवाज वाढेल असा बदल करायचा नाही. वर्षाच्या तपासणीतही अडकू शकतो. पण कायदा राहू द्या. मला नणंदबाईंना विचारायचे आहे. वन्सं, तुमच्या गल्लीतून रात्री फटफट करत बुलेट गेली की दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत अर्ज घेऊन कोण जाते? पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, तो पेपरातला फोटो "बरं झालं मेल्यांना" म्हणून याच गटावर कोणी टाकला होता? तो आवाज तुमच्या खिडकीखाली असला की गुन्हा, आणि भाच्याच्या मुलाचा असला, तोही समुद्रापलीकडे, की वाघ?

आणि बाळा, तू हे वाचशील, तुझी आई वाचून दाखवेल. पुली राहू दे. तुझ्या हाताने बसवलेली आहे, मला तिचा अभिमान आहे. तो कुँऽऽ असा बारीक आवाज बॉनेटखालून येतो ना, तोही मला आवडतो, तो भिंतीपलीकडे जात नाही. तेल बदलायचा खर्च माझ्या पेन्शनमधून, टॉर्चही मीच धरीन. तुझा जुना सायलेन्सर शेडमागे उघड्यावर पडला होता. इथे पाऊस रोजचाच, म्हणून मी त्याला प्लॅस्टिक गुंडाळून वर माझी जुनी नऊवारी बांधून ठेवली आहे. नट-बोल्ट जॅमच्या रिकाम्या बाटलीत आहेत, खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात.