फेसाचा कैवार

दाढीच्या साबणाचा फेस हा काय मासिकात चर्चा करण्याजोगा विषय आहे, असा प्रश्न मथळा वाचताच पुष्कळ वाचकांच्या मनात उभा राहील. आमचे उत्तर असे की, सुशिक्षित गृहस्थ जे काम वर्षातून तीनशे दिवस करतो आणि तरीही आयुष्यभर वाईटच करतो, त्याची एकदा तरी चर्चा झालीच पाहिजे. चर्चेला निमित्तही तसेच घडले. काही दिवसांपूर्वी चार मित्र एकत्र जमले असता त्यांतील एका विद्वान गृहस्थांनी असा सिद्धांत मांडला की, ब्रश आणि साबणाची वडी घेऊन फेस काढीत बसणे हा निव्वळ कालापव्यय आहे. डब्याची कळ दाबली की आयता फेस हाती येतो, मग दहा मिनिटे का दवडावी? बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे बोलणाऱ्या गृहस्थांच्या हनुवटीखाली त्याच सकाळी झालेल्या दोन जखमांवर कापसाचे बोळे चिकटलेले होते, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही.

या सिद्धांताचा समाचार घेण्यापूर्वी आमची स्वतःची फजिती सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. वाळूजला बिऱ्हाड केल्यास आम्हांस बरीच वर्षे झाली. गंगापूर तालुक्यातील हे मूळचे खेडे. छत्रपती संभाजीनगराहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर औद्योगिक वसाहत वसली, १९८५ साली बजाजचा दुचाकींचा कारखाना येथे सुरू झाला, आणि गावाचे रूप पालटले. अशा ठिकाणी शिक्षकी पेशात असताना वडिलांचा जुना ब्रश हाती आला, आणि त्यांच्याप्रमाणे वडीवर फेस काढावा अशी बुद्धी आम्हांस झाली. फेस काही येईना. आला तर धुण्याच्या पाण्यावरील बुडबुड्यांसारखा विरळ, गालावर चढेपर्यंत निम्मा विरून जाणारा. साबण बदलला, पुन्हा बदलला. मग एका दुकानदाराने गळ्यात मारलेला महागडा ब्रश घेतला. त्याचे केस पंधरवड्यात गळू लागले, फेस मात्र होता तसाच राहिला. शेवटी, जुन्या वस्तू जुन्या काळालाच शोभतात, असे तत्त्वज्ञान काढून आम्ही स्वतःचे समाधान करून घेतले.

हे तत्त्वज्ञान गावातल्या एका वृद्ध नाभिकाने एका वाक्यात मोडून काढले. केस कापून घेता घेता आम्ही साबणांची निंदा चालविली असता ते म्हणाले, “मास्तर, साबणाला कशाला नावं ठेवता? आधी पाणी बघा. बोअरचं वापरता का नळाचं?” आम्ही ओशाळून म्हणालो, “मामा, बोअरचं.” त्यांनी नुसतेच हसून कात्री चालू ठेवली. घरी येऊन हा संवाद सांगितला तेव्हा आमचे कुटुंब उत्तरले, “त्यात नवल काय? त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही म्हणून मी प्यायच्या पाण्यात वरण लावते, हे तुम्हांला कधी दिसलंच नाही का?” एकाच दिवसात दोन गुरू भेटले. दोघांनाही जे ठाऊक होते, ते रसायनशास्त्राची पदवी पदरी असलेल्या आम्हांस सुचले नव्हते.

आमच्या भागातील जमीन काळ्या पाषाणाची. तिच्या पोटातून उपसलेल्या पाण्यात खटाचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबण म्हणजे स्निग्धाम्लांचा सोडियम वा पोटॅशियम क्षार. अशा जड पाण्याशी गाठ पडताच त्याचा पाण्यात न विरघळणारा साका बनतो. म्हणजे वडी झिजते, पण जो साबण फेस व्हावयाचा तो पांढऱ्या कण्यांच्या रूपाने भांड्याला चिकटतो. याउलट गोदावरीवरील जायकवाडीचे जे पाणी नळाने येते ते आमच्या अनुभवाने कितीतरी मऊ. आणि पावसाचे पाणी तर त्याहून. परीक्षा सोपी आहे. बाटलीत थोडे पाणी व साबणाचा कीस घालून हलवावे. टिकाऊ फेस आला तर पाणी मऊ, वर साका तरंगला तर जड. दाढीला लागते ते वाटीभर पाणी. तेवढे पिण्याच्या पाण्यातून घेतल्यास कोणाचे घर बुडत नाही.

पाण्याचा प्रश्न सुटला म्हणजे हाताचा उरतो. ब्रश कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजत ठेवावा आणि टपटप गळणार नाही इतपत झटकावा. मग तो वडीवर अर्धा मिनिट फिरवावा. येथे घाई करणारा पुढे फसतो, कारण ब्रशात साबण पुरेसा चढला नाही तर नंतर कितीही घोळले तरी त्यातून बुडबुडेच निघणार. ब्रशाच्या टोकांवर दाट, चिकट लेप दिसू लागला की पाण्याचे काही थेंब घालून तो वाटीत किंवा गालावरच घोळावा, पुन्हा थेंब घालावे, पुन्हा घोळावा. पाणी कमी पडले तर फेस फिका, कोरडा दिसतो आणि त्वचा ओढली जाते. एकदम जास्त झाले तर मोठमोठे बुडबुडे येऊन तो फसफसतो. नेमका साधला म्हणजे त्याला तकाकी येते, बुडबुडा दिसत नाही, आणि तो कढीहून दाट पण श्रीखंडाहून सैल असा ब्रशावर उभा राहतो. एवढे एक आठवडाभर केले की हाताला कळू लागते. पुस्तकात वाचून ते कळत नाही, हे आम्ही शिक्षक असूनही कबूल करतो.

आता कालापव्ययाचा आक्षेप. दाढीचा केस कोरडा असता चिवट असतो. पाणी शोषले म्हणजे तो फुगतो, मऊ पडतो आणि पात्याला पुष्कळच कमी जोर लागतो. पण पाणी मुरावयास दोन-तीन मिनिटे लागतात, आणि ही मिनिटे कोणत्याही डब्याला वाचविता येत नाहीत. ब्रशवाला ही मिनिटे फेस काढण्यात घालवितो. तेवढ्यात ब्रश केस उभे करतो, त्यांच्या मुळाशी पाणी पोचवितो आणि त्वचेवरील मळ सोडवितो. डबेवाला तीच मिनिटे वाचविल्याच्या आनंदात कोरड्या केसावर पाते ओढतो व पुढे कापूस शोधण्यात ती खर्च करतो. डब्यातील पदार्थही मुळात साबणाचाच भाऊ. फरक एवढाच की, ब्रशाने करावयाचे काम तेथे कोंडलेला वायू करतो. त्याने आकार वाढतो, केसाला पाणी मिळत नाही. आधी तोंड नीट भिजवून डबा वापरणारा गृहस्थ आम्हांस मान्य आहे. पण मग त्याने किती वेळ वाचविला?

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या दूषित ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत अँथ्रॅक्सची लागण होऊन माणसे दगावली. एकच ब्रश दहा गालांवरून फिरावा हे आम्हीही कधी मान्य करणार नाही. परंतु यातून निघते ते एवढेच की, ब्रश ज्याचा त्याचा असावा, तो स्वच्छ धुऊन, झटकून हवेशीर जागी वाळवावा. टॉवेलापासून रोग पसरतात म्हणून कोणी अंग पुसणे सोडले नाही.

आमचे भांडण केवळ डबेवाल्यांशी आहे असे मात्र नव्हे. दुसऱ्या टोकाला शौकीनांचा एक पंथ निघाला आहे. बिज्जूच्या केसांचा परदेशी ब्रश, शिसवी मूठ, सात सुगंधांच्या सात वड्या, यांखेरीज फेस निघतच नाही असे ही मंडळी सांगत सुटतात. साध्या विद्येचे श्रीमंती व्यसन करून ते तिला गरिबापासून तोडतात. पोटॅशची व स्टिअरिक आम्लाची बेताची साधी वडी, डुकराच्या केसांचा साधा ब्रश आणि मऊ पाणी एवढ्यावर उत्तम फेस येतो. वाळूजच्या कामगारालाही हे परवडते, कारण एक वडी कित्येक महिने पुरते.

या कामगाराचेच उदाहरण आम्हांस सर्वांत बोलके वाटते. येथील यंत्रांवर काम करणारा तरुण पोलादावर हत्यार कधी कोरडे चालविणार नाही. कूलंटची धार पडते की नाही हे तो आधी पाहतो, आणि जड पाण्यात कूलंट फाटते हेही त्याला ठाऊक असते. तोच तरुण सकाळी स्वतःच्या गालावर मात्र पाते जवळजवळ कोरडे ओढतो. लोखंडाला जी काळजी, ती कातड्याला नाही! कारण कारखान्यातले ते ज्ञान आणि आरशापुढली ती ‘बारीकसारीक बाब’, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे.

ही वाटणी हाच खरा रोग आहे, आणि त्याचे मूळ जुने आहे. बलुतेदारीत न्हाव्याला सुगीच्या वेळी धान्याचे माप मिळे, मान मिळत नसे. संत सेना महाराजांनी त्याच धंद्याच्या हत्यारांतून परमार्थाचे रूपक उभे केले, तरी आमच्या ओसरीवर त्या धोकटीला जागा खालचीच राहिली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्याचे नाकारले. शास्त्रार्थ करीत बसलेल्या सुशिक्षितांपैकी पुष्कळांना जे धैर्य झाले नाही, ते वस्तरा धरणाऱ्या हातांनी दाखविले. पुढे जिलेटने १९०३ साली बाजारात आणलेल्या पात्याच्या रेझरने प्रत्येक गृहस्थ आपला न्हावी आपणच झाला. त्याने वस्तऱ्याचे काम आपल्या हाती घेतले. परंतु पाणी पारखणे, केस भिजविणे, फेस घोटणे ही त्या कामामागची विद्या घेतली नाही, कारण ती विद्या आहे असे त्याला कधी वाटलेच नव्हते. स्वयंपाकघरातील पाण्याची पारख आम्हांस दिसली नाही, तीही याच कारणाने. हाताने काम करणाऱ्याला कळत नसते, या समजुतीची शिक्षा आपण रोज सकाळी आपल्याच गालावर भोगीत आहो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, फेस काढावयास शिका, आणि शिकण्यासाठी योग्य माणसास विचारावयास लाजू नका. आमचा थोरला मुलगा यंदा दाढी करू लागला. पहिल्या दिवशी आम्ही त्याला ब्रश दिला, वडी दिली, आणि पाणी कोणते घ्यावे हे आईला विचारून ये म्हणून सांगितले.